दमसास पुरवायचा कसा: ग्रुप वर्कआउटमधला वेग आणि फॉर्म

माझ्या वहीत एकाच वर्कआउटच्या दोन नोंदी शेजारी शेजारी आहेत. करणाऱ्या माझ्या क्लासमधल्या ताई त्याच, केटलबेल (वर कडी असलेलं लोखंडी वजन) त्याच वजनाची, मध्ये तीन आठवडे. वर्कआउट असा: १२ मिनिटांत जमतील तेवढे राउंड, आणि प्रत्येक राउंडमध्ये १० केटलबेल स्विंग, ८ बर्पी (हात टेकून पाय मागे टाकायचे, मग उठून उडी), १२ स्क्वॉट.

पहिल्या दिवशी ताईंनी पहिला राउंड एका मिनिटात उरकला. दुसऱ्याला सव्वा मिनिट लागलं. तिसऱ्याला १ मिनिट ३५ सेकंद, चौथ्याला २ मिनिटं ५ सेकंद, पाचव्याला अडीच मिनिटं, सहाव्याला २ मिनिटं ३५ सेकंद. उरलेल्या मिनिटात १० स्विंग आणि कशाबशा ३ बर्पी झाल्या. एकूण १९३ रेप्स, म्हणजे एकेक हालचाल मोजून. तीन आठवड्यांनी राउंड असे पडले: पहिले दोन १ मिनिट ४० सेकंदांचे, पुढचे तीन १ मिनिट ४५ चे, सहावा पुन्हा १ मिनिट ४० आणि सातवा १ मिनिट ३५. वर ६ स्विंग. एकूण २१६ रेप्स.

तीन आठवड्यांत स्टॅमिना सहसा एवढा वाढत नाही. दोन नोंदींत खरा फरक पहिल्या राउंडचा आहे. सुरुवात ४० सेकंदांनी हळू झाली आणि शेवटी २३ रेप्स जास्त पडल्या. आणखी एक फरक वहीत नाही, पण मला नीट आठवतो. पहिल्या दिवशी चौथ्या राउंडपासून त्यांच्या टाचा स्क्वॉटमध्ये उचलायला लागल्या होत्या आणि केटलबेल कमरेच्या झटक्याने वर जायची ती खांद्यांनी ओढली जात होती. दुसऱ्या वेळी शेवटचा स्क्वॉट पहिल्यासारखाच होता.

क्लासमध्ये वेग आणि फॉर्म (हालचाल बरोबर करण्याची ढब) हे दोन वेगळे विषय म्हणून शिकवले जातात. वॉर्म-अपच्या वेळी फॉर्म दाखवायचा आणि टायमर सुरू झाला की "चला, जोर लावा" म्हणायचं. मला हे पटत नाही. इतकी वर्षं क्लास घेतल्यावर माझी खात्री झाली आहे की फॉर्म हाच वेगाचा मीटर आहे. फॉर्म टिकतोय तोवर वेग बरोबर, आणि तो सुटायला लागला की तुम्ही दोन-तीन मिनिटांपूर्वीच जास्त जोरात गेला होतात. हे समजून घ्यायचं तर आधी शरीर ऊर्जा कुठून आणतं ते पाहू.

खिशातले सुटे, उधारी आणि रोजची कमाई

स्नायूला आकुंचन पावायला जी ऊर्जा लागते ती एटीपी नावाच्या रेणूतून मिळते. स्नायूत त्याचा तयार साठा जेमतेम काही सेकंद पुरेल इतकाच असतो, त्यामुळे तो सतत नव्याने बनवावा लागतो. शरीर हे तीन मार्गांनी करतं.

पहिला मार्ग म्हणजे खिशातले सुटे पैसे. स्नायूत फॉस्फोक्रिएटिन नावाचा पदार्थ असतो, त्यातून एटीपी झटक्यात बनतं. पण सगळा जोर लावला तर हा खिसा साधारण १० सेकंदांत बराचसा रिकामा होतो. थांबलात की त्यातला अर्धा साधारण अर्ध्या मिनिटात भरून येतो, पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. दुसरा मार्ग उधारीचा. स्नायूतली साखर ऑक्सिजनची वाट न बघता फोडायची. ही उधारी लगेच मिळते आणि मिनिट-दीड मिनिट जोरात धावण्याइतकी असते, पण तिची परतफेड करावी लागते. तिसरा मार्ग रोजच्या कमाईचा: हृदय आणि फुप्फुसं पुरवतात त्या ऑक्सिजनवर साखर आणि चरबी जाळणं. कमाईचा हा झरा सावकाश वाहतो, पण आटत नाही.

हे तिन्ही मार्ग पहिल्या सेकंदापासून एकदमच चालू असतात. बदलतं ते कोणाचा वाटा किती. जिवाच्या आकांताने केलेल्या प्रयत्नातसुद्धा सुमारे ७५ सेकंदांच्या आसपास ऑक्सिजनवरची आणि ऑक्सिजनविना मिळणारी ऊर्जा बरोबरीला येते, आणि त्यापुढे पारडं ऑक्सिजनकडे झुकत जातं. म्हणजे १२ किंवा २० मिनिटांचा वर्कआउट कितीही आक्रमक वाटला तरी तो बहुतांश रोजच्या कमाईवरच चालतो.

अडचण अशी की कमाई लगेच सुरू होत नाही. तुम्ही एकदम हालचाल सुरू केलीत तरी ऑक्सिजनचा पुरवठा गरजेइतका वाढायला दोन-तीन मिनिटं जातात. तोवरची तूट सुटे पैसे आणि उधारी भरून काढतात. म्हणूनच पहिलं मिनिट फसवं असतं. खिसा भरलेला असतो, धाप लागलेली नसते, पाय हलके वाटतात, आणि त्या हलकेपणाला आपण आपला खरा वेग समजून बसतो. बिल तिसऱ्या मिनिटाला येतं. वॉर्म-अपचा मोठा उपयोगही इथेच आहे. पाच-सात मिनिटं अंग गरम करून, मध्ये दोन-तीनदा थोडा दम लागेल असं केलं, की ऑक्सिजनचा पुरवठा आधीच जागा झालेला असतो आणि तूट कमी पडते.

१९६५ मध्ये मोनो आणि शेरर या दोन फ्रेंच संशोधकांनी स्नायूंच्या कामाबद्दल एक गोष्ट मांडली, ती आज सायकलिंगपासून रोइंगपर्यंत सगळीकडे वापरली जाते. प्रत्येक माणसाची एक मर्यादारेषा असते. त्या रेषेखाली तुम्ही बराच वेळ काम करू शकता. रेषेच्या वर गेलात की एक ठरावीक शिल्लक खर्च व्हायला लागते, आणि जितके वर जाल तितकी ती लवकर संपते. रेषेखाली आलात की ती पुन्हा हळूहळू जमते. क्लासमधला सगळा पेसिंगचा, म्हणजे वेग वाटून घेण्याचा, खेळ या शिल्लकेचा आहे. ती पहिल्या दोन मिनिटांत उडवायची, का शेवटच्या दोन मिनिटांसाठी ठेवायची, एवढंच तुमच्या हातात असतं. उरलेल्या वेळात रेषेच्या जरासं खाली राहायचं.

जाता जाता लॅक्टिक ॲसिडबद्दल. पाय पेटले की "लॅक्टिक ॲसिड साचलं" म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात लॅक्टेट हे इंधनच आहे. हृदय आणि इतर स्नायू ते जाळतात, आणि व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातलं त्याचं प्रमाण पूर्वपदावर येतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखतं त्याचा लॅक्टेटशी संबंध नाही. ते सवय नसलेल्या कामाने स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांचं दुखणं असतं.

शेजारचा माणूस

एकट्याने व्यायाम करताना माणूस पहिल्या मिनिटात इतकं चुकत नाही. गटात चुकतो. नॉर्मन ट्रिपलेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्येच हे टिपलं होतं की सायकलस्वार एकट्याने घड्याळाशी शर्यत करण्यापेक्षा इतरांच्या सोबतीने जास्त वेगात जातात. पुढे जर्मनीत ओटो कोलर यांना दिसलं की जोडीने काम करताना त्यातला कमकुवत माणूस एकटा असतानापेक्षा जास्त नेटाने टिकून राहतो. गटाची ही ताकद खरी आहे, मी ती रोज बघते. घरी दहा पुश-अपवर थांबणारा माणूस क्लासमध्ये पंधरा करतो.

पण ही ताकद नेमकी कधी वापरायची हे कोणी सांगत नाही. टायमर सुरू होताना संगीत मोठं असतं, सगळे ताजेतवाने असतात, आणि शेजारचा पाच वर्षं नियमित येणारा मुलगा त्याच्या वेगाने सुटतो. त्याचा पहिला राउंड त्याच्या रेषेखाली असतो. तोच वेग तुमच्या रेषेच्या खूप वर असतो. बाहेरून दोघं सारखेच दिसतात.

माझा सल्ला सोपा आहे. पहिल्या दोन-तृतीयांश वेळात नजर स्वतःच्या जमिनीवर आणि घड्याळावर ठेवा. शेवटच्या एक-तृतीयांशात मान वर करून शेजारी बघा आणि त्याला गाठायचा प्रयत्न करा. तेव्हा गटाचा जोर अंगात भिनू द्या, कारण तेव्हा तो फुकट जात नाही. "आज वेग किती ठेवू?" असं नव्या सदस्याने विचारलं तर मी म्हणते, "दुसऱ्या राउंडनंतर तुम्हाला थोडी लाज वाटली पाहिजे, की मी फारच आरामात करतोय." बहुतेकांना तेवढ्यावर अंदाज येतो.

शेवट किती लांब आहे हे माहीत असणंही फार महत्त्वाचं. १९९६ मध्ये हान्स-फोल्कहार्ट उल्मर यांनी असं मांडलं की मेंदू शेवटचा बिंदू डोळ्यांसमोर ठेवून मागे हिशोब करत प्रयत्न वाटून देतो. प्रत्येक क्लासमध्ये याचा पुरावा दिसतो: "शेवटचं मिनिट!" ऐकताच ज्यांच्यात जीव उरला नव्हता असे लोक वेग वाढवतात. वेग राखून ठेवलेला होताच, फक्त हिशोबाला शेवट कळायला हवा होता. म्हणून वर्कआउट सुरू होण्याआधी किती वेळ, किती राउंड, मधे विश्रांती आहे का, हे नक्की विचारून घ्या. कोच मुद्दाम लपवत असेल तर तो पेसिंग शिकवत नाहीये.

मीटर वाचायचा कसा

बहुतेक जण मनगटावरचं घड्याळ बघतात. त्यात दोन अडचणी आहेत. हृदयाचे ठोके प्रयत्नाच्या मागून येतात. तुम्ही जोर लावल्यावर आकडा वर चढायला वेळ लागतो, आणि छोट्या इंटरव्हलमध्ये तो चढेपर्यंत इंटरव्हल संपलेला असतो. दुसरं, केटलबेल किंवा बार घट्ट पकडला आणि मनगट वाकलं की मनगटावरचा सेन्सर चुकतो. छातीचा पट्टा जास्त भरवशाचा. "२२० वजा वय" हे सूत्रही सरासरीचं आहे. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या कमाल ठोक्यांत २० चा फरक सहज असू शकतो.

स्वीडनचे गुन्नार बोर्ग यांनी यावर एक साधा उपाय दिला: माणसालाच विचारा. त्यांचं मूळ मापन ६ ते २० आकड्यांचं होतं, कारण त्याला १० ने गुणलं की साधारण हृदयाचे ठोके निघावेत असा हेतू होता. क्लासमध्ये आता १ ते १० वापरतात. दहा-पंधरा मिनिटांच्या वर्कआउटसाठी मी सांगते: पहिला तिसरा भाग ६ ते ७ वर, मधला ७ ते ८ वर, आणि शेवटच्या दीड-दोन मिनिटांत ९ च्या पुढे. बोलून बघणं हाही चांगला मापक आहे. सहा-सातवर चार-पाच शब्दांचं वाक्य एका दमात निघतं. आठवर दोन-तीन शब्द. नऊवर फक्त मान हलते. पहिल्या राउंडनंतर मी मुद्दाम जवळ जाऊन विचारते, "कितवा राउंड?" उत्तर बोटांनी आलं तर मला कळतं.

आणि मग माझा आवडता मापक, कान. बर्पीत पाय मागे जाऊन टेकतात तेव्हाचा आवाज ऐका. सुरुवातीला तो हलका, दोन्ही पायांचा एकदम असतो. पोट आणि कंबर घट्ट असतात, पाय ठेवले जातात. दम तुटायला लागला की पाय आपटले जातात, आधी एक, मग दुसरा. बॉक्स जंपमध्येही तेच: आधी मांजरीसारखं उतरणं, मग धप्पकन. मी फळ्याकडे तोंड करून लिहीत असले तरी मागे कोणाची गाडी घसरली आहे ते ऐकू येतं. हे तुम्हाला स्वतःचंही ऐकू येतं. आपले पाय आपटायला लागले की तिथेच वेग दहा टक्के कमी करायचा, पुढच्या राउंडची वाट बघायची नाही.

फॉर्म म्हणजे काटकसर

फॉर्म दुखापत टाळण्यासाठी असतो हे सगळ्यांना माहीत असतं. तो ऊर्जा वाचवतो हे कमी जणांना जाणवतं.

केटलबेल स्विंग जवळून बघू. बरोबर स्विंगमध्ये कंबर मागे जाते, गुडघे थोडेच वाकतात, पाठ सरळ राहते, आणि मग मांडीमागचे आणि नितंबाचे मोठे स्नायू कमरेला झटक्यात पुढे आणतात. केटलबेल त्या झटक्यावर तरंगत वर येते. हात दोरीसारखे नुसते धरून असतात. चुकीच्या स्विंगमध्ये माणूस गुडघे वाकवून खाली बसतो आणि खांद्यांनी वजन उचलतो. वजन तेच, उंचीही तीच, पण काम खांद्याच्या छोट्या स्नायूंवर पडतं. ते पंधरा-वीस रेप्समध्ये भरून येतात, आणि लगेच पुढे बर्पीत त्याच खांद्यांवर शरीर टेकायचं असतं. दुसऱ्या राउंडमध्ये बर्पी जड का झाली, याचं उत्तर बर्पीत नसतं, स्विंगमध्ये असतं. पकडीचंही तसंच. मूठ आवळून धरलीत की पुढचा हात आधी थकतो. बोटांच्या हुकात हँडल अडकवून, वर तरंगताना पकड किंचित सैल करायची.

स्क्वॉटमध्ये टाचा जमिनीवर, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने. खाली जाताना श्वास आत, उठताना बाहेर. मोठ्या सेटमध्ये श्वास हालचालीला बांधून टाकणं ही सगळ्यात स्वस्त युक्ती आहे. गाणाऱ्यांना दमसास म्हणजे काय ते पक्कं माहीत असतं: तान कुठे संपणार ते ठरवून श्वास घ्यायचा. इथेही एक रेप, एक श्वास. श्वास पुरेनासा झाला तर रेपचा वेग कमी होतो, म्हणजे श्वासच तुमचा वेग ठरवतो. फार जड वजन एक-दोनदा उचलताना पोटात श्वास कोंडून पाठीला आधार देतात, ते वेगळं. वीस-तीस रेप्समध्ये श्वास कोंडलात तर डोकं गरगरतं.

बर्पीत उडी मारून पाय मागे टाकण्याऐवजी एकेक पाय मागे नेणं आणि एकेक पुढे आणणं याला अनेक जण हार समजतात. एका बर्पीला कदाचित एक सेकंद जास्त जातो, पण दम खूप कमी लागतो. लांब वर्कआउटमध्ये अनुभवी मंडळीही तसंच करतात. बॉक्स जंपवरून मात्र नेहमी पाय टाकूनच उतरा. मागे उडी मारून, जमिनीला पाय लागताच पुन्हा वर उसळण्याच्या नादात टाचेमागची जाड शीर (अकिलीस टेंडन) तुटण्याचा धोका असतो, आणि ती बरी व्हायला कित्येक महिने जातात. त्या वाचवलेल्या सेकंदासाठी ही किंमत मी कोणालाच मोजू देत नाही.

रोइंग मशीनवर तर आकडेच बोलतात. पाणी किंवा हवा कापताना लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ५०० मीटर २ मिनिटांत मारायचे तर सुमारे २०३ वॅट लागतात. तेच १ मिनिट ५० सेकंदांत मारायचे तर २६३ वॅट. वेळ ८ टक्क्यांनी कमी झाला, पण शक्ती ३० टक्क्यांनी जास्त लागली. म्हणजे स्क्रीनवरचा तो १:५० चा आकडा बघून खूश होण्याआधी, उतरल्यावर तुम्हाला अजून वीस थ्रस्टर (स्क्वॉटमधून उठत वजन डोक्यावर ढकलणं) करायचे आहेत हे आठवा. मिश्र वर्कआउटमध्ये मशीन हे दम परत मिळवण्याचं ठिकाण समजा. पाच-सहा सेकंद जास्त घेऊन उतरलात तर पुढच्या स्टेशनवर न थांबता काम सुरू करता येतं, आणि तिथे वीस सेकंद वाचतात. क्रम पक्का: आधी पाय, मग धड, मग हात. परतताना हात, धड, पाय. डँपर (मशीनमध्ये हवा किती शिरेल ते ठरवणारा खटका) सरसकट १० वर लावायची सवयही सोडा. ३ ते ५ मध्ये बहुतेकांना चांगला वेग मिळतो आणि पाठ वाचते.

मोडण्याआधी मोडा

समजा फळ्यावर ४० पुश-अप लिहिले आहेत आणि ताजेपणी तुम्हाला सलग २० जमतात. सहसा माणूस २० मारतो, मग हात थरथरत असताना ६, मग ४, मग तीन-तीन, आणि मध्ये लांबच लांब विसावे. स्नायू एकदा पार हरला की पाच श्वासांत तो परत येत नाही. त्याऐवजी पहिल्यापासूनच आठ-आठचे पाच सेट करा, मध्ये मोजून पाच श्वास. प्रत्येक सेट संपताना आणखी चार-पाच तरी जमले असते अशी जाणीव असायला हवी. वर सांगितलेला सुट्या पैशांचा खिसा अर्ध्या मिनिटात अर्धा भरतो. छोट्या सेटमध्ये तो पार रिकामा होऊच दिला जात नाही, आणि सगळं गणित त्यावर चालतं. २१ रेप्स असतील तर ८, ७, ६ अशी उतरती मांडणी मनाला बरी वाटते, कारण पुढचा सेट नेहमी छोटा असतो. विसावा घड्याळात मोजू नका, श्वासात मोजा. दमलेल्या माणसाला दहा सेकंद कधी संपतात ते कळत नाही, पाच श्वास मात्र कळतात.

पुश-अप, पुल-अप आणि खांद्यांवरून वजन ढकलण्याचे प्रकार फार अचानक बंद पडतात. स्क्वॉट आणि धावणं तसं हळूहळू मंदावतं. म्हणून हातांच्या कामात सेट लवकर मोडा, पायांच्या कामात सलग चालत राहा.

एका स्टेशनवरून दुसऱ्यावर जातानाचे सेकंद कोणी मोजत नाही. ताईंच्या सात राउंडमध्ये तीन-तीन हालचाली, म्हणजे २१ वेळा बदल. प्रत्येक बदलात पाच सेकंद पाणी पिणं, केस बांधणं, कमरेवर हात ठेवून उभं राहणं यात गेले तर १०५ सेकंद गेले. तो एक अख्खा राउंड आहे. रेप्स थोड्या सावकाश करा आणि बदल चटकन करा.

वर्कआउटचा साचा बघून हे सगळं थोडं बदलतं. दर मिनिटाला ठरलेलं काम करायचं असेल तर पहिल्या मिनिटाचं काम ४० सेकंदांत आटोपायला हवं. पन्नास लागत असतील तर आत्ताच रेप्स कमी करा, सहाव्या मिनिटाची वाट बघू नका. ठरलेलं काम लवकरात लवकर संपवायचं असेल तर कोचला विचारा की हे किती मिनिटांत संपणं अपेक्षित आहे. उत्तर आठ मिनिटं आलं आणि तुम्हाला सोळा लागणार असं वाटलं तर वजन कमी करा. तेव्हाच तो वर्कआउट ज्या हेतूने लिहिलाय तो तुम्हालाही मिळतो. वजन कमी करणं म्हणजे वर्कआउट कमी करणं नव्हे.

टाबाटाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण हे नाव सगळ्यात जास्त वापरलं जातं. इझुमी टाबाटा आणि सहकाऱ्यांचा १९९६ चा अभ्यास व्यायामाच्या सायकलवर झाला. २० सेकंद जोर, १० सेकंद विश्रांती, आणि जोर इतका की शरीर जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरून जेवढं काम करू शकतं त्याच्या १७० टक्के. सात-आठ फेऱ्यांत माणूस पार संपायचा, तेच अपेक्षित होतं. ही पद्धत मुळात जपानच्या स्पीड स्केटिंग संघाचे प्रशिक्षक इरिसावा कोइची वापरत होते. क्लासमध्ये आपण २०-१० चं घड्याळ लावून स्क्वॉट करतो तेव्हा घड्याळ तेच असलं तरी तीव्रता त्याच्या जवळपासही नसते. त्यात वाईट काही नाही. फक्त पहिल्या २० सेकंदांत २२ स्क्वॉट आणि आठव्यात ९ असं करू नका. आठही वेळा टिकेल असा आकडा, समजा १४, ठरवा आणि तो धरून ठेवा.

कुठे थांबायचं

घाम आणि धाप नेहमीचीच, पण काही खुणा वेगळ्या असतात. छातीत दाब किंवा दुखणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, डोळ्यांसमोर अंधारी, ठोके विचित्र पडणं: लगेच थांबा आणि कोचला सांगा. हृदयविकार, रक्तदाब, गर्भारपण असेल तर सुरू करण्याआधीच डॉक्टरांशी बोला. वर्कआउट संपल्यावर धाडकन आडवं होऊ नका आणि खिळल्यासारखं उभंही राहू नका. पायांत उतरलेलं रक्त वर ढकलायला पोटऱ्यांची हालचाल लागते, म्हणून दोन-तीन मिनिटं चाला.

आणखी एका गोष्टीबद्दल नव्या लोकांना आणि मोठ्या खंडानंतर परतणाऱ्यांना मी आवर्जून सांगते. सवय नसताना एकाच स्नायूवर अतोनात रेप्स मारल्या, तर क्वचित स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुटतात आणि त्यातले घटक रक्तात उतरून मूत्रपिंडांवर ताण येतो. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. नेहमीच्या अंगदुखीपेक्षा कितीतरी जास्त दुखणं, स्नायू सुजून टणक होणं, हात सरळच न होणं आणि लघवी गडद तपकिरी होणं या त्याच्या खुणा. असं काही दिसलं तर घरी वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटलमध्ये जायचं. महिनाभर न आलेली माणसं पहिल्याच दिवशी जुना आकडा गाठायला बघतात. दम त्यांना साथ देतो, पण स्नायूंची सवय सुटलेली असते. अशांना मी पहिल्या दिवशी निम्म्याच रेप्स देते, कितीही रागावले तरी.

असे जोरदार वर्कआउट आठवड्यात दोन-तीन पुरे. बाकी दिवशी चालणं, सावकाश सायकल, साधी ताकदीची कामं. कमाईचा झरा मोठा होतो तो बराचसा त्या हळू दिवसांत.

वही ठेवत असाल तर एकूण रेप्सच्या जोडीला प्रत्येक राउंडची वेळ लिहा. सोपं करायचं तर पहिल्या आणि शेवटच्या राउंडची तरी. दोन्हींत पाच-दहा सेकंदांचा फरक असेल तर वेग तुमच्या मापाचा होता. शेवटचा पहिल्याच्या दुप्पट झाला असेल तर पुढच्या वेळी पहिला राउंड किती सेकंदांचा ठेवायचा, ते त्याच ओळीशेजारी लिहून ठेवा, कारण टायमर वाजल्यावर ते आठवणार नाही. ताई येत्या आठवड्यात तोच वर्कआउट तिसऱ्यांदा करणार आहेत, या वेळी एक पायरी जड केटलबेल घेऊन. त्यांनी वहीत आधीच लिहून ठेवलंय: पहिला राउंड, १ मिनिट ४५.